महिन्याचे दीड हजार आणि पणजीची नोकरी

प्रश्न: "ताई, मी 23 वर्षांची आहे. साखळीजवळच्या एका गावात राहते आणि फेब्रुवारीपासून पणजीला पाटोवरच्या एका कार्यालयात नोकरी करते. कदंब बसने जाण्यायेण्यात रोज अडीच-तीन तास जातात. पगार 17 हजार आहे. घरी देऊन, प्रवास आणि जेवण भागवून कपडे व प्रसाधने यांसाठी महिन्याला दीड हजार उरतात. गेल्या तीन महिन्यांत मी ऑनलाइन साडेतीनशे-साडेतीनशेचे सात टॉप घेतले. त्यांतल्या एकाचा रंग गेला, दोन आटले आणि एकाची काखेतली शिवण उसवली. उन्हाने तोंड काळवंडले म्हणून ओळखीच्या एका पार्लरमधून गोरे करणारे क्रीम आणले. पहिल्या पंधरवड्यात चेहरा फारच छान दिसला. आता मात्र एक दिवस क्रीम लावले नाही, तर तोंड लाल होऊन जळजळते आणि हनुवटीवर बारीक पुटकुळ्या आल्या आहेत. आई म्हणते, खोबरेल आणि उटणे लाव, बाकी सगळे सोड. कार्यालयातली एक सहकारी 'परत तोच ड्रेस?' असे हसत हसत विचारते, ते मनाला लागते. डिसेंबरात भावाचे लग्न आहे. एवढ्या पैशांत नीटनेटके दिसणे जमेल का?"

उत्तर: तू मला ताई म्हटलेस, म्हणून मीही एकेरीतच लिहिते. नीटनेटके दिसणे जमेल, आणि दीड हजारांतच जमेल. मात्र तुझ्या पत्रातल्या क्रमाने मला उत्तर देता येणार नाही, कारण जी गोष्ट तू मध्येच दोन-तीन वाक्यांत सांगून पुढे गेलीस, तीच आधी हातात घ्यायला हवी. ती म्हणजे ते क्रीम.

त्या डब्यावर काय छापले आहे, ते तू लिहिलेले नाहीस. आज घरी गेल्यावर डबा उजेडात धरून चहूबाजूंनी आणि बुडाशी नीट पाहा. आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या प्रसाधनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, परवान्याचा क्रमांक, बॅच क्रमांक आणि कधीपर्यंत वापरावे ती तारीख असावी लागते. पार्लरच्या फळीवर पांढऱ्या प्लास्टिकच्या डब्यांत भरून ठेवलेल्या क्रीमवर बहुधा यांतले काहीच नसते, फार तर हाताने लिहिलेली चिठ्ठी असते. पंधरा दिवसांत डोळ्यांत भरण्याजोगा उजळपणा, आणि एक दिवस खंड पडताच लाली, जळजळ व पुटकुळ्या, हे तुझे वर्णन स्टिरॉइड मिसळलेल्या मलमाशी इतके जुळते की मला काळजी वाटली. बेटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन ही त्या औषधांची नावे आहेत. त्वचारोगावर, ठरावीक जागी, ठरावीक दिवस वापरली तर ती उत्तम औषधे आहेत. ती त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकुंचित करतात आणि दाह दाबून टाकतात, म्हणून चेहरा एकदम स्वच्छ आणि उजळ दिसतो. तीच रोज तोंडाला लावत राहिले की त्वचा पातळ होत जाते, बारीक लव वाढते, तांबड्या शिरा दिसू लागतात, आणि मलम थांबवले की आवळून धरलेल्या रक्तवाहिन्या एकदम सैल पडून चेहरा पेटतो. घाबरून माणूस पुन्हा तेच लावतो आणि त्यालाच ते 'मानवले' असे समजतो. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी 14 स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला, तरी हाताने भरलेल्या डब्याला कोण चिठ्ठी विचारतो? काही निनावी क्रीममध्ये पाराही सापडतो. पाऱ्यामुळे त्वचेतला रंग तयार होणे मंदावते खरे, पण तो शरीरात शिरून मूत्रपिंडांना अपाय करतो.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे हे निदान समजू नकोस. आपल्या मनाने क्रीम एकदम बंद करू नकोस, आणि 'संपेपर्यंत लावते' असेही म्हणू नकोस. याच आठवड्यात अर्ध्या दिवसाची रजा घे आणि बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या, त्वचारोग विभागात दाखव. पणजी बसस्थानकावरून तिकडे जायला बस शोधावी लागत नाही. म्हापशाला जाणे सोयीचे पडत असेल, तर तिथे जिल्हा इस्पितळ आहे. जाताना तो डबा पिशवीत घालून बरोबर ने. लाजू नकोस, कारण त्या डॉक्टरांनी असे डबे पुष्कळ पाहिलेले असतात, आणि 'काहीतरी क्रीम लावत होते' एवढे मोघम सांगण्यापेक्षा डबा समोर ठेवला तर उपचार लवकर ठरतो. तिथे दाखवायला पैसे फारसे लागत नाहीत, रांगेत वेळ मात्र जातो, तेव्हा सकाळी लवकर पोहोच.

एक गोष्ट मात्र स्पष्टच सांगते. उन्हाने आलेला काळेपणा आणि जन्माचा सावळा रंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला हळूहळू उतरतो. दुसरा उतरवण्याचा उद्योग करू नये, आणि तो करून देतो म्हणणाऱ्याला पैसे तर मुळीच देऊ नयेत. दंडाच्या आतल्या बाजूचा रंग पाहा. चेहरा तिथपर्यंत येऊ शकतो, त्यापलीकडे कोणतीही डबी नेणार नाही.

ऊन अडवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय छत्री हाच आहे आणि ती पावसासाठी तू घेणारच आहेस. ती ऑक्टोबरात कपाटावर टाकू नकोस, एवढेच. बसमध्ये सावलीच्या बाजूची जागा मिळाली तर ती घे, कारण बंद काचेतूनही त्वचा काळवंडवणारे किरण बरेचसे आत येतात. त्यानंतर सनस्क्रीन. डॉक्टर तुझ्या आत्ताच्या चेहऱ्याला चालेल अशी सांगतील तीच घे, पण खरेदी करताना नळीवर एसपीएफ 30 किंवा 50 आणि 'पीए' (त्वचा काळवंडवणाऱ्या किरणांपासूनचे संरक्षण) पुढे तीन-चार अधिकचिन्हे आहेत ना, ते बघ. 30 आणि 50 या आकड्यांत दिसते तेवढे अंतर नसते: पहिली उन्हाचे भाजणारे किरण सुमारे 97 टक्के अडवते आणि दुसरी सुमारे 98 टक्के. म्हणून केवळ मोठ्या आकड्यासाठी दुप्पट पैसे मोजू नकोस. खरा फरक पडतो तो किती लावतेस यावर. तर्जनी आणि मधले बोट यांवर टोकापासून मुळापर्यंत एकेक रेघ ओढलीस, की चेहरा आणि मानेपुरते प्रमाण होते. हे साधारण एक ग्रॅम भरते, म्हणजे 50 ग्रॅमची नळी जेमतेम दीड महिना पुरेल. चारशे रुपयांच्या आत चांगली नळी मिळते, म्हणजे दिवसाला आठ-नऊ रुपये पडले. तुझी नळी चार महिने पुरते आहे असे दिसले, तर तू ती लावत नाहीस, नुसती चोळतेस, असे समज. आणखी एक सवय लावून घे: पाकिटावर आता एकूण किमतीबरोबर एका ग्रॅमची किंवा मिलिलिटरची किंमतही छापलेली असते, तिच्याकडे आधी पाहा. मोठ्या डब्यातला माल दर ग्रॅमला स्वस्तच पडतो असे नाही, आणि आपल्या दमट हवेत उघडा डबा वर्षभर ठेवण्यात अर्थही नाही.

आईचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. खोबरेलातले लॉरिक आम्ल केसाच्या आतपर्यंत पोहोचते आणि धुताना केसांची होणारी झीज कमी करते, तेव्हा घाण्यावरचे तेल न्हाण्याआधी तासभर केसांच्या मधल्या भागाला आणि टोकांना अवश्य लाव. चेहऱ्याला मात्र ते नको. पुटकुळ्या येणाऱ्या त्वचेची छिद्रे खोबरेलाने आणखी बुजतात. रात्रभर तेल चोपडून झोपलीस, तर ते उशीवरून कपाळावर येते आणि कपाळावरच्या पुटकुळ्यांचे कारण शोधत आपण भलतीकडे फिरतो. उटणे सुगंधी आणि सुरेख असले, तरी पुटकुळ्यांवर भरड पूड घासणे म्हणजे जखम चोळण्यासारखे आहे. ते दिवाळीच्या अभ्यंगाला अंगाला लाव, तेवढ्याने आईलाही बरे वाटेल. चेहऱ्याला दिवसातून दोन वेळा सौम्य फेसवॉश आणि त्यावर ग्लिसरीन असलेले साधे मॉइश्चरायझर पुरे. पावसाळ्यात ते हलके, लोशनसारखे घ्यावे. लिंबू मात्र कधीही लावू नकोस. मी नोकरीला लागले त्या वर्षी एका मैत्रिणीच्या लग्नाआधी गालाला लिंबाचा रस चोळून भर दुपारी बाजारात गेले होते. लिंबाच्या रसावर ऊन पडले की त्वचा भाजते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. डाव्या गालावरचा तपकिरी डाग पुढच्या चतुर्थीपर्यंत होता आणि त्या लग्नातल्या सगळ्या छायाचित्रांत मी मान उजवीकडे वळवून उभी आहे.

आता कपड्यांकडे वळते, कारण तुझे पैसे खरे तिथेच गळतात. सात टॉपांचे 2450 रुपये झाले. जे टॉप गेले ते प्रत्येकी पाच वेळा घातलेस असे धरले, तरी एका वेळचे सत्तर रुपये पडले. कापड आणि शिलाई मिळून नऊशे रुपयांना पडलेला कुडता आठवड्यातून एकदा असा दोन वर्षे घातला, तर शंभर वेळा होतो आणि एका वेळचे नऊ रुपये पडतात. महाग कपडा घे, असे मी म्हणत नाही. महाग कपडेही पाच वेळांत बाद होतात. अंगावर बरोबर बसणारा आणि आपल्या हवेत टिकणारा कपडा घे, एवढेच म्हणते, आणि या दोन्ही गोष्टी फोनच्या पडद्यावर दिसत नाहीत.

अंगावर बसणे म्हणजे काय, ते एकदा आरशासमोर उभी राहून शीक. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर यायला हवी. ती दंडावर उतरत असेल किंवा मानेकडे सरकत असेल, तर तो कपडा कितीही सवलतीत असला तरी ठेवून दे, कारण खांदा दुरुस्त करणे म्हणजे बाही काढून पुन्हा शिवणे. लांबी, कंबर, बाजू, बाहीचा घेर हे सगळे टेलर थोडक्या पैशांत नीट करून देतो. तुझ्या टॉपची काखेतली शिवण उसवली, याचे कारण बहुधा तेच आहे: खांदा अरुंद असला की बसमध्ये वरची दांडी धरताना सगळा ताण काखेत येतो. कपडा उलटा करून आतल्या शिवणी पाहायलाही विसरू नकोस. एका इंचात दहा-बारा टाके असले आणि दोन्ही बाजूंना पुरेसा दाब, म्हणजे शिवणीपलीकडचे जादा कापड, सोडलेला असला, तर तो कपडा पुढे सैल करता येतो. टाके विरळ आणि दाब कापून टाकलेला, असा कपडा दोनदा धुतला की स्वतःच हार मानतो. तुझ्याकडचे जे तीन टॉप अजून धड आहेत, ते याच नजरेने बघ आणि टेलरकडे ने. दीडशे रुपयांच्या दुरुस्तीने तुला एक 'नवा' कपडा मिळण्याची बरीच शक्यता आहे.

मी स्वतः अजूनही कटपीस घेऊन शिवते. एखाद्या शुक्रवारी सुट्टी आली तर म्हापशाच्या बाजारात जा, पण कापड हातात घेतल्याशिवाय दराचे बोलणे सुरू करू नकोस. मी तिथे काय करते ते सांगते. कापडाचा कोपरा मुठीत घट्ट चुरगळून दहापर्यंत आकडे मोजते आणि मूठ उघडते. सुरकुत्या कागदासारख्या तशाच राहिल्या, तर तो कुडता बसमधून उतरताना कसा दिसेल ते मला तिथेच कळते. मग कापड उजेडासमोर धरते. आरपार हाताची बोटे मोजता आली, तर अस्तराचा खर्च वाढला. शेवटी पांढरा रुमाल ओला करून कोपऱ्यावर घासते. कापडवाली म्हणते, "बाय, रंग वचचो ना" (बाई, रंग जाणार नाही), आणि रुमाल निळा होतो. अशा वेळी आम्ही दोघी हसतो आणि मी पुढच्या दुकानात जाते. मिठाच्या पाण्यात ठेवले की रंग पक्का होतो असे घरोघरी सांगतात, पण दुकानात आलेल्या कापडाचा सुटणारा रंग मिठाने थांबत नाही. कुडत्यासाठी 44 इंच पन्ह्याचे अडीच मीटर कापड घे आणि शिवायला देण्याआधी ते रात्रभर पाण्यात भिजवून वाळव. तुझे दोन टॉप आटले, तसे पुढे होणार नाही, कारण आटायचे ते आधीच आटलेले असेल.

कोणते कापड, हा प्रश्न गोव्यात एका उत्तरात संपत नाही. सुती कापड हवेतली ओल धरून ठेवते. साधारण हवेत 100 ग्रॅम सुतात आठेक ग्रॅम पाणी मुरलेले असते, तर तेवढ्याच पॉलिस्टरमध्ये अर्धा ग्रॅमही नसते. म्हणून मार्च-एप्रिलात सुती कुडता घाम टिपतो आणि पॉलिस्टरमध्ये पाठ चिकचिकते, घामोळे येते. पण याच कारणाने जुलैत सुती कुडता दोन दिवस वलणीवर टांगला तरी बगलेत ओला लागतो. आपल्याकडे वर्षाला सुमारे 120 इंच पाऊस पडतो आणि त्याचा मोठा भाग चार महिन्यांतच कोसळतो, हे लक्षात ठेवूनच कपाट भरावे. तेव्हा चार सुती किंवा सुती-मिश्र कुडते आणि पावसाळ्यासाठी दोन सैलसर क्रेप किंवा जॉर्जेटचे, असे सहा पुरेत. क्रेपचे सैलच घे. घट्ट, न वाळलेले कृत्रिम कापड जांघेत आणि काखेत घासत राहिले की गजकर्ण होते आणि मग त्याच्यावर पुन्हा कुणीतरी स्टिरॉइडचे मलम हातात देते. व्हिस्कोस दिसायला मऊ आणि सुंदर असते, मात्र ओले असताना ते कमजोर पडते, म्हणून पिळू नये, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावे. खाली घालायला दोन पँट आणि एक पलाझो, तिन्ही गडद रंगाच्या. नेव्ही, करडा आणि तपकिरी हे तीन रंग घेतलेस, तर सहाही कुडते त्यांवर चालतील. काळा मुद्दाम सांगत नाही, कारण धुऊन धुऊन तो सर्वांत आधी विटलेला दिसतो. लांबी घोट्याच्या वर ठेव. पावसात बसस्थानकाबाहेरचा चिखल किती उडतो ते तुला सांगायला नको, आणि उडालाच तर ओला असताना पुसू नकोस. वाळू दे, मग ब्रशने झाड आणि नंतर धू.

तुझ्या सहकारी मैत्रिणीबद्दल मी फार लिहिणार नाही. तिने कपडा ओळखला याचा अर्थ तो लक्षात राहण्याजोगा होता. 'हो, आवडतो मला' एवढे म्हणून कामाला लाग. तरीही मनाला लागतच असेल, तर दोन ओढण्या आणि एक सुती जाकीट ठेव. तोच कुडता त्यांच्यासह वेगळा दिसतो, आणि कार्यालयातल्या गारठ्याला जाकीट उपयोगीही पडते.

आता जून लागला आहे, म्हणून राखणीचे दोन शब्द. डांबराच्या गोळ्या किडीला आवरतात, बुरशीला नाही. बुरशीला एकच गोष्ट लागते, ती म्हणजे ओल. कपडे वरून कोरडे वाटले तरी शिवणीत ओले असतात, तेव्हा घडी घालण्याआधी शिवणींवरून इस्त्री फिरव, ते पूर्ण गार होऊ दे आणि मगच कपाटात ठेव. गरम घडी ठेवली तर तिची वाफ आतच जिरते. गोळ्या आणि कापूर एकत्र ठेवू नकोस, दोन्ही मिळून विरघळतात आणि कपड्यावर तेलकट डाग पडतो. पाऊस उघडला की दुपारी तासभर कपाटाची दारे सताड उघडी ठेव. कुबट वास आलेला कपडा बादलीभर पाण्यात अर्धी वाटी पांढरे व्हिनेगर घालून अर्धा तास भिजव आणि मग नेहमीप्रमाणे धू. शेजारणीकडून माडाचे व्हिनेगर मागून आणू नकोस, त्याला स्वतःचाच रंग असतो.

कृत्रिम दागिन्यांचे थोडक्यात सांगते. कानाच्या पाळीला खाज येऊन पाणी सुटत असेल, तर ते बहुधा निकेलमुळे असते आणि घामाने ते वाढते. दहा स्वस्त जोड्यांऐवजी चांदीच्या बारीक कुड्या एकदाच घे. लिपस्टिकही रोजची एक आणि समारंभाची एक पुरे. तिचा रंग मनगटावर तपासू नकोस, बोटाच्या टोकावर तपास, तिथली त्वचा ओठांच्या रंगाला जास्त जवळ असते.

हिशेबाचे असे बघ. जून ते नोव्हेंबर या सहा महिन्यांचे तुझ्याकडे नऊ हजार रुपये होतात. सनस्क्रीन, फेसवॉश आणि मॉइश्चरायझर यांना महिन्याला साडेचारशे धरले, तर 2700 गेले आणि 6300 उरले. त्यातून आत्ता पावसाळी चप्पल आणि क्रेपचे दोन कुडते घे. जुलै आणि ऑगस्टमध्ये काही घेऊ नकोस, फक्त दुरुस्त्या कर. चवथीच्या आधी दुकानांवर सवलतीचे फलक लागतात, तेव्हा दोन कुडत्यांचे कापड घे आणि शिवायला मात्र चवथ झाल्यावर दे, म्हणजे टेलर घाईत शिवणार नाही. हप्त्यावर काही घेऊ नकोस. दीड हजारांत हप्ता शिरला की पुढचे चार महिने तोच नेसावा लागतो.

आणि लग्न. तू करवली आहेस, तेव्हा थोडी हौस हवीच, पण त्यासाठी नवी साडी विकत घेण्याआधी आईचे कपाट उघड. तिच्या लग्नातली किंवा डोहाळजेवणातली रेशमी साडी असेल, तर ती याच महिन्यात घड्या उलगडून पाहा. वर्षानुवर्षे एकाच घडीवर राहिलेले रेशीम त्या रेघेवर विरते. वीत-दीड वीत भाग विरला असेल आणि तो पदरात नसेल, तर निऱ्यांत लपतो. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली असेल तर बाहेर काढ, जुन्या मऊ सुती कापडात गुंडाळ आणि दर दोन महिन्यांनी घडी बदल. जरीच्या साडीला डांबराच्या गोळीचा स्पर्श होऊ देऊ नकोस. मग फक्त ब्लाऊजचा खर्च राहतो, आणि तो मात्र चांगल्या टेलरकडे, अस्तरासह, मापाला नेमका शिवून घे. जुनी साडी आणि अंगात चपखल बसलेला नवा ब्लाऊज यांना कुणी जुने म्हणत नाही. तुळशीचे लग्न झाले की लग्नसराई सुरू होते आणि टेलरच्या दुकानात पिशव्यांचा ढीग लागतो, म्हणून दिवाळीआधी ब्लाऊज हातात पडेल अशा बेताने दे.

एखाद्या विधीसाठी सुती साडी हवी असेल, तर तांबड्या चौकटीची कुणबी साडी नेस. कोलवाळचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी 2010 च्या सुमारास ती पुन्हा लोकांपुढे आणली, तेव्हापासून तिच्या छापील नकलाही पुष्कळ झाल्या आहेत. साडीची उलटी बाजू पाहा: विणलेली चौकट दोन्ही बाजूंना सारखीच गडद असते, छापलेली मागून फिकट दिसते. हातमागाची महाग वाटली तर कुणाकडून तरी दिवसापुरती माग, आपल्याकडे त्यात कमीपणा मानत नाहीत. केसांत अबोलीची फाती, म्हणजे गजरा, माळ. बाजारात मण्यामोत्यांचे जे पिना-गजरे मिळतात, त्यांच्यापुढे ती स्वस्तही आहे आणि सावळ्या चेहऱ्याला अबोलीचा रंग जसा खुलतो तसा दुसरा क्वचितच.

लग्नाआधीच्या पंधरा दिवसांत चेहऱ्याला कोणतीही नवी गोष्ट लावू नकोस, फेशियलसुद्धा नको. मेंदी नुसत्या पानांची घे. खरी मेंदी आधी केशरी दिसते आणि दीड-दोन दिवसांत तपकिरी होते. तासाभरात काळाकुट्ट रंग देणाऱ्या कोनात केसांच्या कलपातले पीपीडी हे रसायन घातलेले असते, त्याने हातावर फोड येतात आणि कधी कधी नक्षीच्याच आकाराचा व्रण मागे राहतो. आईने किंवा मावशीने कलप लावायचा ठरवला, तर आधी कानामागे थेंबभर लावून 48 तास वाट पाहायला सांग.

राहिल्या चपला. कुठल्या तरी लग्नासाठी घेतलेल्या आणि नंतर खोक्यात जपून ठेवलेल्या उंच टाचेच्या चपला तुझ्याकडेही असतील. पॉलियुरेथेनचा तळवा आपल्या दमट हवेत न वापरतासुद्धा आतून कुजतो, आणि पायात घालून मांडवात शिरल्यावर त्याचा भुगा पडू लागतो. माझ्या नणंदेने भाचीच्या लग्नात अर्धा दिवस अनवाणी काढला तो याच कारणाने. 'लेदरसारख्या' दिसणाऱ्या पर्सचे पापुद्रे निघतात तेही याच कारणाने, म्हणून बसच्या प्रवासाला कॅनव्हासची पिशवी बरी. नोव्हेंबरात ते खोके उघड, तळवा दोन्ही हातांनी वाकवून पाहा, भेगा पडल्या नाहीत तर संध्याकाळभर घरात घालून हिंड. भेगा दिसल्या, तर नवीन चपला घ्यायला तुझ्याकडे तीन आठवडे असतील.

गोमेकॉत काय सांगितले ते मला कळव, आणि डब्याच्या बुडाशी काही छापलेले सापडले तर तेही.